ब्रेकचं बोट

माझा ब्रेक भिकार होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी कोणी मोठा खेळाडू होतो असा गैरसमज नको. कॅरमच्या मधोमध राणी, तिच्याभोवती काळ्या-पांढऱ्या गोट्यांचं दाटीनं बसवलेलं चक्कर, आणि पहिल्या फटक्यात ते फोडायचं, याला ब्रेक म्हणतात. जमणाऱ्याच्या ब्रेकला एखाद-दुसरी पांढरी सरळ कोपऱ्यातल्या जाळीत जाते आणि बाकीच्या बोर्डभर पांगतात. मी मारला की चक्कर नुसतं कुरकुरायचं. दोन-चार गोट्या जागच्या जागी सरकायच्या आणि स्ट्रायकर थकून माझ्याकडेच परत यायचा. पाहणारे म्हणायचे, "अबे, फोडून राह्यला का दार वाजवून राह्यला?" मग सगळे खिदळायचे आणि मी मान खाली घालून पावडर शिंपडत बसायचो.

एवढ्यावर भागलं असतं तर मी कॅरमला रामराम ठोकला असता. पण या भिकार ब्रेकवर माझी नोकरी अडकली होती.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट, आमचा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मी नाचणगावात राहायचो आणि रोज सकाळी पायी पुलगावला मिलच्या फाटकावर जायचो. कामावर जायचो असं नाही म्हणत, फाटकावर जायचो. मी बदली होतो. बदली म्हणजे ज्याचा स्वतःचा माग नाही असा विणकर. कोणी कायम माणूस आजारी पडला, गावी गेला, त्याच्या घरी मयत झाली, तर तेवढ्या पाळीपुरता त्याचा माग बदलीला मिळायचा. भोंगा झाला की आम्ही फाटकाशी दाटी करून उभे राहायचो. आमच्या खात्याचा जाबर, म्हणजे विणकरांवरचा मुकादम, बाहेर यायचा, गर्दीवर नजर फिरवायचा आणि माणसं निवडायचा. उरलेल्यांनी चालू लागायचं. दुसऱ्याच्या दुखण्यावर आमचं पोट. कोणी कायमवाला खोकताना दिसला की मला बरं वाटायचं आणि मग स्वतःचीच किळस यायची. पुढे पुढे तर किळस यायचीही बंद झाली.

बायको रोज पहाटे उठून ज्वारीची भाकर आणि आंबाडीची भाजी फडक्यात बांधून द्यायची. ती भाकर मी मिलमध्ये खाणार की कुठे, हे तिलाही माहीत नसायचं आणि मलाही. काम मिळालं नाही तर लगेच घरी परतायची हिंमत व्हायची नाही. रेल्वेलाइनच्या पलीकडे एका निंबाखाली बसून मी ती खायचो आणि सुटीचा भोंगा होईपर्यंत तिथेच लोळायचो. मग कामावरून आल्यासारखा घरी. मला वाटायचं, तिला काय कळणार! पण मिलमध्ये कापसाचा भुरा उडतो, तो कपड्यांना, केसांना, भाकरीच्या फडक्यालाही चिकटतो. ती फडकं झटकायची, उजेडात धरून पाहायची आणि शांतपणे म्हणायची, "आज भुरा नाई लागला जी." तेवढंच. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

नवरात्रात खंडेनवमीला मिलमध्ये मागांची पूजा व्हायची. आदल्या दिवशी यंत्रं घासूनपुसून लख्ख करायची. प्रत्येक कायम विणकर घरून झेंडूचा हार आणायचा आणि आपल्या मागाला घालायचा. त्या दिवशी घरच्या माणसांनाही आत येऊ देत. बायका नव्या लुगड्यांत, कडेवर पोरं, आणि प्रत्येक जण आपला माग दाखवत फिरायचा, जसा काही तो त्याच्या बापाचाच. बदलीला माग नाही, तर हार घालणार कोणाला? आम्ही भिंतीशी उभे राहून लोकांच्या पूजा पाहायचो, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकायचो आणि निघायचो. कोणी बदली कायम झाला तर तेही त्याच दिवशी कळायचं. साहेबाचा कागद मागाहून यायचा. आधी जाबर रिकाम्या झालेल्या मागापाशी जायचा, नारळ उचलून त्या माणसाच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "फोड." नारळ ज्याच्या हातात, माग त्याचा. मला दुसरं काही नको होतं. देवाशपथ सांगतो, मला एक माग पाहिजे होता, ज्याला मी हार घालू शकेन.

त्या वर्षी एक माग रिकामा होणार होता. त्यावरचा म्हातारा विणकर दम्यानं बेजार होता, दसऱ्यापर्यंत कसंबसं रेटणार आणि घरी बसणार असं ठरलं होतं. तो सारखा आजारी पडायचा, म्हणून सकाळच्या पाळीत त्याचा माग बहुतेक मलाच मिळायचा. त्याच मागावर दुसऱ्या पाळीत आणखी एक बदली असायचा. नालवाडीकडून आलेला, अंगानं काटकुळा, बोलायला महाकंजूष. फाटकाजवळ मिलनं दिलेल्या कॅरमच्या खोलीत तो कधी पाय ठेवत नसे. पाळी संपली की खाली मान घालून चालू लागायचा. माग आमच्या दोघांपैकी एकाला मिळणार हे उघड होतं, आणि खरं सांगतो, त्याच्याकडे पाहून मला काही भीती वाटत नव्हती.

कारण आमचा जाबर कॅरमवेडा होता. वेडा म्हणजे पुरता बह्याड. दरवर्षी अष्टमीच्या दुपारी विणकाम खातं विरुद्ध कताई खातं असा कॅरमचा सामना व्हायचा, जोडी-जोडीचा, आणि कताईवाले आम्हाला दरवर्षी धूळ चारायचे. जाबर एके काळी मिलमधला पहिल्या नंबरचा खेळाडू होता. मग त्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट मागाच्या चाकात सापडलं आणि वरचं पेर गेलं. आता तो मधल्या बोटानं खेळायचा. साध्या गोट्या घ्यायचा, पण चक्कर फोडायची ताकद त्या बोटात नव्हती. तो अर्धं बोट नाचवत मला म्हणायचा, "हे असतं ना बावा, त तुया पाया नसतो पडलो मी."

माझा बाकीचा खेळ बरा होता. समोरची गोटी सहसा चुकत नव्हतो. ते पाहूनच त्यानं मला जोडीला घेतलं. पावसाळ्याच्या सुरुवातीला एकदा बोर्ड पुसता पुसता तो म्हणाला, "बाकी खेळ आहे तुया हातात. ब्रेक तेवढा आन. यंदा कताईवाल्याइले लोळवलं ना, त थ्या बुढ्याचा माग तुया. मास्तरले मी सांगतो." वीव्हिंग मास्तर, म्हणजे विणकाम खात्याचा साहेब, जाबरच्या शब्दाबाहेर जात नाही हे सगळ्या खात्याला माहीत होतं.

मग सुरू झाली शिकवणी. बापरे, काय ती शिकवणी! गोट्या बसवण्यापासून सुरुवात. "चिपकून बसली पाह्यजे एकेक. मधात फट राह्यली का तुया सारा जोर थ्या फटीत मरते." बसवल्या. मारलं. कुरकुर. "खांद्यानं काऊन मारतं बे? बैल हाकलून राह्यला का?" खांदा आवळून धरला. मारलं. स्ट्रायकर उडाला आणि पाण्याच्या माठाला जाऊन लागला. "बोटानं, लेका, बोटानं! हात जागचा हालू नोको देऊ. अन् समोरच्या गोटीच्या छातीवर नोको मारू, केसभर बाजूनं मार." केसभर म्हणजे किती, ते त्याच्या अर्ध्या बोटाला माहीत होतं, माझ्या अख्ख्या बोटाला नव्हतं. कधी चुकून एखादी पांढरी जाळीत जायची, तर तिच्या मागोमाग स्ट्रायकरही जायचा, आणि कमावलेली गोटी परत बोर्डावर ठेवावी लागायची.

घरी बोर्ड कुठला? मिलमधून खोक्याची फळी मागून आणली, खडूनं रेघ मारली आणि कवेलूचे तुकडे दगडावर घासून गोट्या केल्या. बायको चुलीपुढून पाहायची. "आता छपराचेच कवेलू काढा अन् खेळा. पान्याचं काय, आलं त येऊ द्या घरात." मी चिडून ओरडायचो, "तुले समजते का काही? मी कायमचा होऊन राह्यलो इथं!" ती म्हणायची, "फळीवर?" पुन्हा कवेलू मांडायचो, पुन्हा मारायचो.

सगळा पावसाळा असा गेला. ब्रेक काही सुधारेना. दमट हवेत बोर्ड जड व्हायचा, पावडरीचे गोळे व्हायचे, गोट्या जागा सोडायला तयार नसायच्या. मी रस्त्यानं चालताना हवेत टिचक्या मारायचो, आणि येणारे-जाणारे मला खुळा समजायचे. एकदा तर मी स्ट्रायकर खिडकीबाहेर भिरकावला आणि म्हटलं, "नाई होत मायच्यानं! घ्या दुसरा कोनी." जाबरनं फाटकाकडे बोट दाखवलं, तेच तुटकं बोट, जिथे उद्या सकाळी मला उभं राहायचं होतं. मी मुकाट बाहेर गेलो आणि चिखलात चाचपडून स्ट्रायकर शोधून आणला. तेव्हा मला रडू आलं होतं, ते मी पावसावर ढकललं.

पोळ्यानंतर माझं बोट फाटलं. ताण्याच्या सुताला खळ लावलेली असते, त्यानं सूत ताठ आणि खरखरीत होतं. मागावर तार तुटली की माग थांबवून ती हातानं जोडायची, म्हणजे अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात दोन टोकं धरून बारीक गाठ मारायची आणि कचकन ओढायची. दिवसभर हेच. ते सूत बोटाच्या पेराशी कापत जातं. प्रत्येक विणकराच्या बोटाला तिथे चीर असते, त्याचं कोणाला कौतुक नाही. पण नेमकी तीच जागा टिचकी मारताना अंगठ्यावरून घासून सुटते. एका संध्याकाळी मी ब्रेक मारला आणि स्ट्रायकरवर रक्त उमटलं. पांढऱ्या गोटीवरही लाल डाग.

जाबरनं माझा हात उजेडात धरला आणि त्याचा चेहरा पडला. "अरे रे रे. याच्यामुयंच त! दुखते म्हनून तू ऐन टायमाले बोट आखडतं. ब्रेक येईन कसा?" मग माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाला, "दसऱ्यापर्यंत या बोटाले जप. लहान लेकरावानी जप. बाकी मी पाहतो."

मी जपलं. असं जपलं की विचारू नका. बायकोकडून हळद आणि तेल कोमट करून घ्यायचो, चिरेत भरायचो, वरून जुन्या धोतराची चिंधी बांधायचो. ती हसून हसून बेजार. "माय वं! हळद लावून राह्यले बोटाले. नवरदेव होय का थो? नवरी कोन पाह्यली?" मी म्हटलं, "माग." ती हसायची थांबली. दुसऱ्या दिवसापासून न मागता ती हळदीची वाटी आणून ठेवायला लागली.

आणि मागावर मी पहिलं बोट वापरणं बंद केलं. चिंधी बांधलेलं बोट वर धरायचं आणि अंगठा-मधलं बोट यांनी गाठ मारायची. सुरुवातीला अडखळलो, मग जमलं. म्हणजे मला वाटलं, जमलं. गाठ थोडी जाड यायची. जाडच तर येते, तार जोडली ना, झालं! माग चालू झाला की मी तिच्याकडे वळून पाहत नव्हतो. माझं सगळं लक्ष त्या चिंधीत.

चीर भरत आली. आणि एके दिवशी, मी काही वेगळं केलं नव्हतं, नेहमीसारखा बसलो होतो, बोट सुटलं आणि ठक् असा एकच आवाज झाला. कुरकुर नाही. चक्कर उघडलं. एक पांढरी डाव्या जाळीत, दुसरी उजव्या जाळीच्या तोंडाशी. जाबर खुर्चीवरून उठला, बोर्डाभोवती चक्कर मारली, पुन्हा गोट्या बसवल्या आणि म्हणाला, "आनखी." पुन्हा ठक्. इतके महिने जे बोट ऐन वेळी आखडत होतं, ते आता माझं ऐकत होतं. त्या दिवशी मी फाटक ते घर पळतच गेलो.

मागावर मात्र काहीतरी बिनसलं होतं. तारा फार तुटायला लागल्या. एक जोडावी तर शेजारच्या दोन तुटायच्या. मागाला फणी असते, तिच्या फटींतून एकेक तार जाते. तिथेच त्या पटापट तुटायच्या, मी जोडायचो, पुन्हा तुटायच्या. नाकी नऊ आले. आणि माझ्या डोक्यात काय आलं असेल? कताईवाले! माझ्या ब्रेकची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली आणि ते मुद्दाम या मागाला सडकं सूत पाठवतात! मला हे इतकं पक्कं वाटलं की कताईचा एक जण भेटला तेव्हा मी त्याची गचांडीच धरली. "आमच्या ब्रेकले भेऊन खराब सूत देऊन राह्यले ना बे?" तो बिचारा तोंड उघडं टाकून पाहत राहिला. पाळी बदलताना मी त्या काटकुळ्या बदलीलाही सांगितलं, "सूत पाय कसं देऊन राह्यले, बदमाश." तो हळूच म्हणाला, "मले त बरं चालते." मी त्याच्यावर खेकसलो, "तुले काय समजते?" तो मागावर वाकून एकेक गाठ चाचपू लागला. मला वाटलं, घुम्या आहे लेकाचा.

अष्टमीला सकाळची पाळी करून मी चिंधी सोडली आणि सामन्याला बसलो. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी आणि जाबर समोरासमोर, कताईची जोडी आडव्या बाजूंना. पहिला डाव आम्ही हरलो, दुसरा कसाबसा जिंकलो. तिसऱ्याचा ब्रेक माझ्याकडे आला. मी गोट्या बसवल्या, फटी दाबल्या, बोट अंगठ्याला लावलं. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "वाजव रे दार!" हशा झाला. जाबर हसला नाही. त्यानं टेबलाच्या कडेवर आपलं तुटकं बोट ठेवलं होतं.

ठक्.

दोन पांढऱ्या. एक इकडच्या जाळीत, एक तिकडच्या. राणी मोकळी, समोर. खोलीत असा गलका उठला की माझे कान बधिर झाले. पुढचा डाव सांगत नाही, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अशा ब्रेकनंतर हरायचं म्हटलं तरी हरता येत नाही. जाबरनं मला गर्दीतच मिठी मारली. त्याचे डोळे ओले होते. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "उद्या बायकोले घेऊन येजो. अन् हार आनजो."

बायकोनं संध्याकाळी शेजारणीकडून झेंडू मागून आणला आणि हार ओवला. चांगला जाड, गच्च. लग्नातलं हिरवं लुगडं काढलं. सकाळी आम्ही दोघं पुलगावला निघालो तेव्हा ती माझ्या पुढे चालत होती. मिलच्या फाटकातून ती पहिल्यांदा आत आली. मागांच्या त्या रांगा पाहून उभीच राहिली, आणि मग तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "कोन्ता जी तुमचा?"

मी बोटानं दाखवला. बऱ्या झालेल्या बोटानं.

म्हातारा विणकर आधीच तिथे आला होता. शेवटची पूजा त्याची. काल दुपारची पाळी सफाईसाठी बंद होती, म्हणून मागावर माझ्या कालच्या पाळीचं कापड तसंच चढलेलं होतं. त्यानं मागाला कुंकू लावलं, धाप टाकत थोडा थांबला आणि निरोप घ्यायचा म्हणून त्या कापडावरून तळहात फिरवला. हात मधेच थांबला. मागे आला. पुन्हा पुढे गेला. "हे गाठ कोनाची रे?" त्यानं विचारलं. तो हात सरकवत राहिला आणि प्रत्येक ठिकाणी थांबत राहिला. फणीपाशी वाकून पाहिलं. "एवढी जाड गाठ इथून निंगन कशी? बाजूच्या तारा घेऊनच तुटन ना थे."

जाबर पुढे आला. त्यानं आपल्या तुटक्या बोटाचं टोक कापडावर टेकवलं आणि चाचपत नेलं. मास्तर मागे उभा होता, तो म्हणाला, "तपासणीवाले महिन्यापासून बोंबलून राह्यले या मागाच्या नावानं. सकाळच्या पाळीचं कापड सारं जाळीजाळीचं. दुसऱ्या पाळीचं साफ. सूत एकच, माग एकच." आणि तो जाबरकडे पाहत राहिला.

जाबरनं माझ्या हाताकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं, मला दिसलं की त्याला कळलं. मी म्हणालो, "तुमीच त म्हनलं होतं, बोटाले जप." माझा आवाज बाईसारखा चिरका निघाला. जाबरनं कापडावरचं बोट उचललं. मग म्हणाला, "बोट जप म्हनलो होतो बावा. गाठ सोड नाई म्हनलो." हे तो रागानं बोलला असता तर मी भांडलो असतो. पण त्याला रडू आवरत नव्हतं. त्यानं नारळ उचलला, माझ्यापुढून नेला आणि भिंतीशी उभ्या असलेल्या काटकुळ्याच्या हातात दिला. "फोड."

तो बिचारा गोंधळून गेला. नारळ फोडला, पण माग तसाच बोडका. त्यानं हार आणलाच नव्हता. त्याला काय स्वप्न पडलं होतं? आजूबाजूचे सगळे माग झेंडूनं भरलेले आणि हा एकच उघडा. लोक कुजबुजायला लागले, "हार कुठं आहे, हार?" मी जमिनीकडे पाहत होतो. मला तिथून नाहीसं व्हायचं होतं. तेवढ्यात हिरवं लुगडं माझ्या बाजूनं पुढे गेलं. बायकोनं आपल्या हातातला हार त्या माणसापुढे धरला. "घाला भाऊ," ती म्हणाली. "सनाच्या दिवशी मागाले उघडं ठेवू नये."

त्यानं घातला. लांबीला बरोबर बसला. तिनं मापानंच ओवला होता, मी तिला माग किती रुंद असतो ते हातांनी दाखवलं होतं.

जाबरनं मला पुढेही फाटकावरून आत घेतलं, पण कॅरमचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. मी बदलीच राहिलो, आणि शेवटी फाटकावर जायचंच सोडलं. पण ते पुढचं. त्या दिवशी घरी आल्यावर बायकोनं चूल पेटवली, भाकरी टाकल्या. मग सवयीनं हळदीची वाटी घेऊन माझ्याजवळ बसली आणि माझा हात ओढून मांडीवर घेतला. बोट उलटंपालटं करून पाहिलं. कातडी मऊ, कोवळी, चिरेचा मागमूस नाही. तिनं वाटी बाजूला ठेवली.

"बरं झालं जी," ती म्हणाली. "आता नाई लावा लागत."